नमुना क्रमांक त्रेचाळीस

रामाजींनी भाताचा घास घेतला, डोळे मिटले आणि पाहुणीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "असा भात अख्ख्या जिल्ह्यात भेटनार नाई. बापजाद्याचं बियाणं हाय आमचं."

पाहुणी म्हणजे डॉक्टर नंदिनी. सुई टोचणारी डॉक्टर नव्हे. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत संगणकासमोर बसून दाण्यातला जनुकीय मजकूर अक्षर न् अक्षर वाचणारी. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या एकशे बारा घरांचं धान तिनं तीन वर्षं जमवलं आणि वाचलं होतं. कोणतं धान कोणाच्या किती जवळचं, याची एक वंशावळच मांडली होती. आज ती सकाळपासून सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांमागून लाल धूळ खात आलापल्लीजवळच्या या गावात पोचली होती, आणि आता ताटातला भात नुसता चिवडत होती.

"भाऊ, एक विचारू? हे बियाणं बाहेरून कधीच आणलं नाही?"

"एक दाणा नाई! लिहून देल्लं ना मी तुमाले."

दिलं होतं खरं. फॉर्मवर 'वडिलोपार्जित' असा ठसठशीत शब्द आणि खाली सही. नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं. नंदिनीनं वंशावळीचा कागद उलगडला. रामाजींचा नमुना क्रमांक त्रेचाळीस. मूल तालुक्यातल्या डोंगरगावचा अठ्ठ्याहत्तर. मध्ये शंभरावर किलोमीटर आणि अख्खी वैनगंगा. आणि संगणक म्हणत होता, दोन्ही धानं एकच. जणू एकाच पोत्यातली.

"तुमचं धान आणि डोंगरगावचं धान एकच निघालंय. आमचे सर म्हणतात, माझ्याच पिशव्यांची अदलाबदल झाली. दोन चुकल्या तर बाकीच्यांचा भरवसा काय? परवापर्यंत उत्तर सापडलं नाही तर तीन वर्षांचं काम रद्द." तिनं कागदावरच्या त्रेचाळीसवर बोट ठेवलं. "पण प्रत्येक पिशवी मी माझ्या हातानं बांधलीय हो, भाऊ."

"मशीन चुकली असन," रामाजींनी निकाल दिला. "आमची जबान खोटी होत नाई."

त्यांच्या बायकोचा, अंजनाबाईंचा, वाढता हात थांबला.

"कोनतं गाव म्हनलं, पोरी?"

"डोंगरगाव."

अंजनाबाईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसल्या. पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. रडतायत की काय म्हणून नंदिनी घाईनं उठली, तर बाई हसत होत्या.

"ते माहं माहेर होय."

रामाजींनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा कागदाकडे.

"लग्नाचं पयलं वर्ष," अंजनाबाई म्हणाल्या. "चौदा एप्रिलले घरी पाहुणे. सासू म्हने, धान भरडून आन. घरात दोन पोते. एकात कडूलिंबाचा पाला टाकला होता. आमच्या माहेरी खायच्या धानात पाला टाकत. बियाणं बांबूच्या ढोलीत राहे, वरतून शेनानं लिपून. म्या पाल्याचं पोतं उचललं, गिरणीवर नेलं."

"बियाण्याचं?" रामाजींचा घास हातातच राहिला.

"बियाण्याचं. पाहुण्यायनं मागून मागून खाल्लं."

"मंग?"

"मंग काय! सासू म्हने, पाल्याचं पोतं पेरनीले हाय, तवा कळलं. गिरणीवरचा कोंडा आनला, पोत्यात भरला, वर तुमचा तो पाला. महिनाभर जीव मुठीत. बुद्धपौर्णिमेले भाऊ न्यायले आला. वापस सोडाले आला तं एसटीच्या टपावर माहेरचं बियाणं. कोंडा गाईले देल्ला. अन् त्या साली सासू गावभर सांगत फिरे, सुनेचा पाय लागला अन् आमचं धान कसं भरलं पाहा!"

नंदिनीला आनंदानं ओरडावंसं वाटलं. पिशव्या बरोबर होत्या. वंशावळ बरोबर होती. आणि मग तिला स्वतःचंच हसू आलं. एकशे बारा घरांत 'बियाणं कोणाचं' हे तिनं ओसरीवर बसलेल्या घरधन्यालाच विचारलं होतं. पिशवी भरून आणायला मात्र दरवेळी घरातली बाई आत गेली होती.

"भाऊ, फॉर्म दुरुस्त करावा लागेल," ती हळूच म्हणाली. "सही तुमचीच लागेल."

तिनं पिशवीतून फॉर्म काढून रामाजींसमोर ठेवला. पन्नास वर्षांची ऐट अशी जेवता जेवता सोडून द्यायची म्हणजे सोपं नव्हतं. अंजनाबाईंचं हसू थांबलं. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या, सासूच्या समोर उभ्या असाव्यात तशा.

"म्हून तुहा भाऊ हसे!" रामाजी एकदम म्हणाले. "डोंगरगावले गेलो का मी म्हनो, भात बरा हाय, पन आमच्या घरच्यासारखा नाई. अन् तो बेटा भात वाढता वाढता हसे!"

ते उठले, हात धुऊन, पुसून आले. पेन घेतला. 'वडिलोपार्जित'वर एक सरळ रेघ मारली, शेजारी 'बायकोच्या माहेरचं' असं सावकाश लिहिलं आणि खाली पूर्ण नावानं सही केली. कागद नंदिनीच्या हातात देऊन पुन्हा ताटावर बसले. नंदिनीनं तो दोनदा वाचला, मग तीही जेवायला बसली. आता तिला कडकडून भूक लागली होती.

अंजनाबाईंनी भांडं उचललं, पण वाढलं नाही.

"आता तरी एक डाव म्हना, माह्या माहेरचा भात चांगला हाय म्हून."

रामाजींनी ताट पुढं सरकवलं.

"पन्नास वर्षं झाले, रोजच तं म्हनून राह्यलो! वाढ."