सिरॅमिकची बेरिंगं

अरुणाच्या नवऱ्यानं, जिनेंद्रनं, माउंटन बाइकच्या पेडलला सिरॅमिकची बेरिंगं बसवून घेतली आणि सायकल आणून हॉलमध्ये उभी केली. पन्हाळ्याच्या चिखलात नेली तर बेरिंगं खराब होतील म्हणे. आल्यागेल्याला सोफ्यावर बसवायचं आणि पेडल उलटं गरगर फिरवून दाखवायचं, एवढाच त्याचा व्यायाम.

“बघा पावणं, नुसतं बोट लावलं की फिरतंय. घासणं म्हणून न्हाय.”

जैन बस्तीत दर्शनाला निघालेल्या सासऱ्यांना बसवून त्यांची गंजलेली व्हीलचेअर अरुणा एकटीच आतून रेटत होती. करकरत ती हॉलच्या उंबऱ्याला अडली.

“अवो, जरा हात लावता?”

“थांब की. अजून फिरतंय बघ.”

“फिरणारच की,” अरुणा म्हणाली. “त्याच्यावर कुणी बसलेलं न्हाय.”