वरच्या ताटलीतला लाडू

भाऊबीजेचं ओवाळून झाल्यावर प्रमिलाने भावापुढे फराळाचं तीन मजली तबक ठेवलं. जुन्या बाजारातल्या ताटल्या उपड्या पेल्यांवर चिकटवून ती अशी तबकं बनवायची.

"ताई, कुणाकुणाच्या उष्ट्या ताटल्या गं या?" तो हसला.

"धुतल्यात. वरचा लाडू घे."

आई गेल्यावर तिने त्याच्याकडे फक्त आईची ताटली मागितली होती. "ती कधीच हरवली," तो म्हणाला होता.

त्याने लाडू उचलला. खाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आईचं नाव होतं.

सौ. अंबिका.

हरवलेली ताटली बाजारात कशी गेली, ते तो सांगेल म्हणून ती निरांजन धरून थांबली. विकली म्हणाला असता, तरी तिला चाललं असतं.

"पोट भरलंय," म्हणत त्याने लाडू अलगद परत नावावर ठेवला.