खिळ्यावरचा नान

परगावी निघालेल्याने नानचा एक घास घ्यायचा आणि उरलेला नान तो परतेपर्यंत भिंतीवर टांगायचा, ही उझबेकिस्तानातल्या मर्गिलानची रीत. होसियतच्या स्वयंपाकघरात तिच्या मुलाचा, रवशनचा, नान अकरा वर्षं लटकत होता. रवशन रशियातून परतला तो शवपेटीतून. नान मात्र कुणी उतरवला नाही.

हल्ली होसियत विसरायची. किटली जाळायची, शेजारणीचं नाव हरवायची. कधी लेक गेल्याचंच विसरायची, आणि सून झुमराद तिला ते नव्याने सांगायची.

आज सकाळी नानला दोन घासांच्या खुणा होत्या.

"आई, हा तरी सोडायचा होतात."

"मी कशाला खाईन गं?"

"काल चहा पिऊन लगेच पुन्हा मागितलात. आठवतंय?"

आठवत नव्हतं. "मीच खाल्ला असेल बाई," होसियत पुटपुटली.

झुमरादने नान उतरवून तिच्या हातात दिला. तो विटेसारखा कडक होता. होसियतने जुन्या घासावरून बोट फिरवलं. मधोमध उंचवटा लागला. जर्दाळूच्या झाडावरून पडून रवशनचा पुढचा दात गेला होता, त्या फटीचा. मग बोट नव्या घासात शिरलं. तिथेही मधोमध तोच उंचवटा.

तिने जीभ आपल्या बोळक्या हिरड्यांवरून फिरवली.

"झुमराद, आपला रवशन कधी यायचाय गं?"

झुमराद नेहमीचं सांगायला वळली. तिची नजर त्या दोन घासांवर गेली, आणि तिला सांगता येईना.