एक संच, दोन नावं

संघदीप हे लिहिणारच नव्हता. मोबाईलवर दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा म्हणाला, जाऊ दे, झालं ते झालं.

मेडशीच्या स्टँडवर तो उतरला ते पुस्तकांसाठी. बी.एस्सी.चे पेपर आठ दिवसांवर. सिलॅबस बदललेला, जुनी पुस्तकं काही कामाची नाहीत, अन् नवी घ्यायची तर बापाची महिन्याभराची मजुरी जाते. कॉलेजातून गरीब पोरांना फुकट संच मिळायचा, पण दोघांत एक. संघदीप अन् मेडशीचा उत्कर्ष जोडीदार. एक आठवडा पुस्तकं याच्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे. उत्कर्षची पाळी होती त्याच आठवड्यात सोयाबीन काढताना त्याचा उजवा हात मळणीयंत्रात गेला. त्याला महिना झाला. कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. भेटायला कोणी गेलं नव्हतं. संघदीपही नाही.

"जयभीम काकू," तो दारातून म्हणाला.

उत्कर्षची आई सूप बाजूला ठेवून उठली. "ये बाप्पा, ये! उत्कर्ष, पाय तुया दोस्त आला! एक तरी आला माय." चहाला दूध नसावं. वाटी घेऊन ती शेजारी पळाली.

उत्कर्ष खाटेवर बसला होता. मनगटाच्या पुढं नुसतं बँडेज. मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक, पान उडू नये म्हणून त्यावर मोबाईल ठेवलेला.

"काहून आला बे? पुस्तकं न्याले?"

"नाई बे. तुलेच भेटाले आलो."

"झूट नोको बोलू. महिनाभर यष्टी पंक्चर होती काय?"

उत्कर्षनं उशीखालून वही काढून त्याच्याकडे फेकली. डाव्या हातानं लिहिलेली पानंच्या पानं. सुरुवातीला पहिलीच्या पोरासारखी अक्षरं, ओळ सोडून पळणारी. शेवटच्या पानावर एक अख्खं उत्तर होतं. वाचता येत होतं.

"तीन घंट्यात चार प्रश्न होतेत. पास व्हाले पुरते," उत्कर्ष म्हणाला. "मी पेपर देऊन राह्यलो."

संघदीपनं वही मिटली. पुस्तकांची झेरॉक्स करावी तर हजारावर पानं. फोटो काढावे तर मोबाईलचा कॅमेरा फुटलेला. बापानं सांगूनच ठेवलं होतं, या खेपी नापास झाला तर पुण्याला कंपनीत जायचं. चारची गाडी यायला पंधरा मिनिटं होती.

"मायं काहीच वाचून नाई झालं गड्या," तो शेवटी म्हणाला.

उत्कर्षनं खुंटीवरची पिशवी काढली, तिचा एक बंद दातात धरला अन् डाव्या हातानं एकेक पुस्तक आत टाकत गेला. तिसरं पुस्तक दोनदा निसटलं. संघदीप पाहत राहिला. उठला नाही.

आई चहा घेऊन आली. "पुस्तकं काहून भरून राह्यला रे? तुयाबी पेपर हाय न?"

"मायं झालं वाचून," उत्कर्ष म्हणाला.

संघदीपनं चहा उभ्या उभ्या संपवला. पिशवी खांद्याला लावली. दारात थांबला.

"पेपर झाले का पयल्या गाडीनं आणून देतो," तो म्हणाला. "पक्कं."