विकाऊ गाडीतला हँड्सफ्री

विकायला काढलेल्या जुन्या मर्सिडीजमध्ये सुलोचनाबाईंनी नवा हँड्सफ्री बसवायला सांगितला, तेव्हा अंकुश मिस्त्री बोनेटवर थाप मारून हसला. अपघातात चेपलेलं ते बोनेट त्यानेच सरळ केलं होतं.

“काकू, या बुढीले आता नवे झुमके कायले? गिऱ्हाईक याचा एक रुपया जास्त देनार नाही.”

“नको देऊ दे. तू बसव.”

त्याने बसवला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बोलून दाखवलं. बाईंनी त्याला पुन्हा एकदा बोलायला लावलं.

“तुह्या काकाजीले अड्याळच्या वळणावर मीच फोन लावला होता,” त्या म्हणाल्या. “कुठवर आले, भात टाकू का, म्हणून विचाराले. गाडी घेणाऱ्याचीबी बायको असनच ना?”