शाबासकी

सकाळचं ऊन डायलिसिस केंद्राच्या काचेतून अगदी निवांत आत येई, फरशीवर रेंगाळत पुढे सरके आणि वजनकाट्यापाशी असं थांबे, जणू त्याचाही नंबर लागायचा होता. महामारीमुळे घरात मला वेगळी खोली मिळाली होती. आई दाराबाहेर ताट ठेवून जात असे.

त्या दिवशी मी काट्यावर उभा राहिलो आणि सिस्टर मास्कच्या आतून खूश झाल्या.

"वजन वाढलंच नाही! म्हणजे अंगात पाणी साठलेलं नाही. शिका जरा, काका!"

आम्हा डायलिसिसवाल्यांना पाणी मोजूनच प्यायचं असतं, पण शेजारच्या पलंगावरचे ड्रायव्हरकाका चोरून पाणी पिण्यात पटाईत होते. ते म्हणाले, "एवढा संयम असता, तर मी लग्नच केलं नसतं."

मी हसलो आणि हसता हसता सैल झालेली पँट वर ओढली. काकांची नजर तिथेच अडकली.

"सिस्टर, शाबासकी परत घ्या. पाणी साठलंय, पण तेवढंच मांस उतरलंय, म्हणून काटा हलला नाही. काय रे, जेवतोस का?"

"म्हणजे काय! आई रोज ताट भरून ठेवते."

"ठेवते रे. गिळतं कोण? मांजर?"

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला पुन्हा काट्यावर उभं केलं. मी पँट मुठीत धरून उभा राहिलो.

घरी माझ्या खोलीच्या खिडकीत येणारं मांजर खरोखरच गुबगुबीत झालं होतं. एकट्याने बसून मला घास गिळवत नव्हता.