पडद्यावरची जागा

नवऱ्याची बदली नागपूरहून लखनौला झाली, तेव्हा शेजारच्या शबानाभाभींकडून कांताताई चिकनकारी शिकल्या. मग तिथल्या वृंदावन योजना वसाहतीतल्या बुद्धविहारासाठी, बुद्धमूर्तीच्या मागे लावायला, त्यांनी एक निळा पडदा भरायला घेतला. आठ महिने खपून पांढऱ्या दोऱ्याने त्यावर अख्खा बोधिवृक्ष उभा केला.

बुद्धपौर्णिमेला पडदा लागला. लोक बघतच राहिले. अध्यक्ष मेश्रामसाहेब जवळ येऊन म्हणाले, "सुंदर झालंय, ताई. फक्त खाली समितीची नावं तेवढी भरा. लोकांना कळायला नको का?"

ताईंनी पाच नावं भरली. पुढच्या वर्षी निवडणूक झाली आणि समिती बदलली. ताईंनी जुनी नावं उसवून नवी भरली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. सहाव्या वर्षी नावं उसवता उसवता कापडच विरलं आणि खाली वीतभर भोक पडलं.

ताईंना रडू आलं, पण आता तरी ही कटकट संपली, असंही वाटलं. पडदा घेऊन त्या नव्या अध्यक्षांकडे, गजभियेसाहेबांकडे गेल्या.

"साहेब, बघा ना, आता इथे नावं बसणारच नाहीत."

गजभियेसाहेबांनी चष्मा लावला आणि पडदा वरपासून खालपर्यंत नीट निरखला.



"अच्छा, मग वर घेऊ ना, ताई. झाडाच्या दोन फांद्या उसवल्या, की पाचही नावं आरामात बसतील."